लाडक्या जुन्या गाडीची अखेरची वर्षं

जुनी गाडी ठेवायची की काढायची, हा विषय घरात निघाला की बोलणं इंजिनाभोवतीच फिरत राहतं. धूर मारते का, अ‍ॅव्हरेज किती देते, घाटात दम खाते का. वास्तविक जुन्या गाडीत इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग. मारुती ८००चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन नाक्यावरचा मेकॅनिकही उतरवतो, रिंगा-पिस्टन बदलतो, हेडचं काम करतो आणि पुन्हा बसवून देतो. गाडी संपते ती पत्र्यामुळे. म्हणून तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षांची भरवशाची गाडी असेल आणि ती आणखी काही वर्षं चालावी असं मनापासून वाटत असेल, तर आधी वाकून खाली बघायला शिका.

उदाहरणादाखल मी ८०० घेतो, कारण आपल्याकडच्या असंख्य घरांची ती पहिली गाडी. डिसेंबर १९८३मध्ये ती बाजारात आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे अगदी शेवटची ८००सुद्धा आता दहा वर्षांपुढे गेली आहे. सँट्रो, झेन, इंडिका, पहिली वॅगन आर किंवा जुनी होंडा सिटी बाळगणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडेल.

पाऊस सरला की, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालण्याआधी, आतलं मॅटिंग पूर्ण काढा. नुसते रबरी पायपुसणे नव्हे, त्याखालचं फेल्टसुद्धा. ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या सीटच्या पुढ्यात हात फिरवा. ओल लागली तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय मॅटिंग परत टाकू नका. काचेचं रबर, दाराची बीडिंग, बॉनेटखालच्या पाणी जाण्याच्या वाटेत अडकलेला पालापाचोळा, यांपैकी काहीतरी नक्की सापडतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअरवर ठिकठिकाणी ठोका. शाबूत पत्रा टणकन वाजतो. आतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो आणि कधी कधी मूठच आत जाते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात, दाराच्या पोटात पाणी साचतं आणि दार खालून सडायला लागतं. सायकलची तार घालून ती मोकळी करायला पाच मिनिटं पुरतात. रंगाच्या हजारो रुपयांच्या कामापेक्षा ही पाच मिनिटं गाडीला जास्त आयुष्य देतात, असं मला वाटतं. रत्नागिरी, अलिबाग, वसई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे वर्षातून दोनदा करावं. खारी हवा वरचा रंग तसाच ठेवून आतून पोखरते.

गंज दिसला म्हणून लगेच खचून जाऊ नका. तो कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. मडगार्ड, दारं, डिकीचं झाकण हे वरचे पत्रे. तिथला गंज कापून नवा तुकडा जोडता येतो. फ्लोअरला पडलेलं भोकही चांगला डेंटर नीट वेल्डिंग करून बुजवतो. पण पुढचे शॉकअप बॉडीला जिथे बसतात तो भाग, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन ज्या आडव्या मेंबरला धरलेलं असतं तो मेंबर, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे आवळलेले असतात ती जागा, इथला पत्रा पापुद्र्यांनी सुटू लागला असेल तर गाडीचा सांगाडाच दगा देणार. एखादा डेंटर म्हणेल, पट्टी मारून देतो, दोन वर्षं काढेल. अशा जागी पट्टी मारलेली गाडी घाटात ब्रेक मारल्यावर काय करेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. ती गाडी थांबवा. या एका बाबतीत मी जुन्या गाडीची बाजू घेणार नाही.

बाकीची देखभाल तुमचा मेकॅनिक जाणतोच. तरी जुन्या गाडीत हमखास राहून जाणाऱ्या चार गोष्टी सांगतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ते कमी झालं नसलं तरी दोन वर्षांनी पूर्ण बदलावं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरत राहू नये. आतून गंज धरतो आणि मग हेड गॅस्केटचं काम निघतं. टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं समजू नये. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच कडक होतात, तडकतात आणि पहिल्या पावसात घसरतात. चौथी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गॅस्केट, कार्बोरेटरचे वॉशर त्यासाठी बनवलेले नाहीत. निती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच अशा जुन्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदा नव्या दर्जाचे बसवून घ्या, फिल्टर लवकर बदला आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा. जुन्या गाड्या पेटतात त्या बऱ्याचदा अशा एखाद्या चिरलेल्या पाइपामुळे.

पार्ट मिळत नाहीत अशी तक्रार लोक लवकर करतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक सकाळ घालवली तर ८००च काय, पद्मिनीचंही बरंच काही हाती लागतं. जुना पार्ट सोबत न्या आणि तो दुकानदाराच्या हातात द्या. तोंडी वर्णनाने चुकीचा पार्ट येतो.

वही

भरवशाची जुनी गाडी म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला आहे. तोच कारखाना, तेच मॉडेल, तेच वर्ष. तरी एकाची गाडी कधी रस्त्यात उभी राहत नाही आणि दुसऱ्याची दर महिन्याला टो होऊन येते. फरक बहुतेक वेळा ओळखीचा असतो. थंडीच्या सकाळी चोक किती ओढायचा आणि कधी सोडायचा, पावसात डिस्ट्रिब्युटरची कॅप पुसून घ्यायची, तिसऱ्या गिअरमध्ये ठरावीक वेगाला येणारी घरघर निरुपद्रवी आहे पण वळणावर येणारी टकटक ड्राइव्ह शाफ्टची आहे, हे त्या माणसाला माहीत असतं. इतक्या वर्षांत मालकाच्या हातापायांत ही गाडी उतरलेली असते. आपण गाडी विकतो तेव्हा हे सगळं ज्ञान एकदम निरुपयोगी होतं. गाडी गेल्यावर माणसं इतकी का हळहळतात, त्याचं मोठं कारण मला यात दिसतं.

म्हणून वही करा. साधी शाळेची, दोनशे पानी. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, कोणत्या कंपनीचा पार्ट घातला, किती पैसे गेले. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे तर लाल शाईने लिहा. ८००मध्ये चेन नसून बेल्ट असतो आणि तो तुटण्याआधी सूचना देत नाही. उजव्या पानावर कामं आणि डाव्या पानावर गाडीच्या सवयी, अशी वही ठेवली तर घरातलं दुसरं कोणीही गाडी निर्धास्त नेऊ शकतं. विमा कंपनीशी वाद झाला तर हीच वही पुरावा ठरते, आणि गाडी विकताना समजूतदार गिऱ्हाईक तिच्याकडे बघूनच दोन पैसे जास्त देतं.

याच वहीत वर्षाअखेर एक बेरीज करा. 'दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतोय, काढून टाका' असं सगळे सांगतात. हा हिशेब चुकीचा आहे. जुन्या गाडीची बाजारातली किंमत चाळीस हजार आणि यंदाची दुरुस्ती पंचेचाळीस हजार असेल, तर तुलना त्या दोन आकड्यांची करायची नाही. ती गाडी काढून दुसरी आणली तर वर्षाला काय पडेल, त्याच्याशी करायची. पाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता साधारण १०,४०० रुपये बसतो. वर्षाचे जवळपास सव्वा लाख, शिवाय नव्या गाडीचा जास्तीचा विमा. पंचेचाळीस हजारांत वर्ष निघत असेल तर जुनी गाडी स्वस्तच आहे. मात्र गाडी वर्षातून किती वेळा रस्त्यात बंद पडली, तेही वहीत लिहा. घरात आजारी माणूस असेल, रात्री-अपरात्री हॉस्पिटलला पळावं लागत असेल, तर तो आकडा रुपयांपेक्षा मोठा धरा.

आणखी एक गोष्ट प्रेमापोटी दडपू नये. ८००मध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१९मध्ये. त्याआधीच्या अनेक गाड्यांत अपघाताच्या वेळी तुम्हाला वाचवायला सीटबेल्टशिवाय फारसं काही नाही. अशी गाडी गावात, बाजारात, स्टेशनवर न्यायला उत्तम. तिच्यात लहान मुलं बसवून रात्री एक्स्प्रेसवेवर ट्रकांच्या रांगेत शिरू नका.

पंधरा वर्षांनंतरचे कागद

दिल्लीत जुन्या गाड्यांवर आलेल्या बंदीच्या बातम्या वाचून आपल्याकडेही लोक घाबरून गाड्या मातीमोल भावात देऊन टाकतात. खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली म्हणजे महाराष्ट्रात ती आपोआप भंगारात जात नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, कारण टॅक्सीला वीस वर्षांची कमाल मर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर तिचीही मुदत संपली. खासगी गाडीच्या मालकावर अशी ठरलेली तारीख नाही. तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते.

आरसीवरची मुदत आजच बघा. नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून करता येतो. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, कारण उशिराला महिन्याला ५०० रुपये दंड आहे. केंद्राचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२पासून मोटारीला ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या मोटारीला ते १०,००० आहे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. चालू विमा आणि पीयूसी लागतात. बीएस-४च्या आधीच्या गाड्यांची पीयूसी सहाच महिने चालते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी.

पासिंगला नेण्याआधी चासी नंबर बघून ठेवा. निरीक्षक त्याचा पेन्सिल प्रिंट मागतो. नंबरवर रंगाचे थर किंवा गंज चढून एखादा आकडा पुसट झाला असेल, तर तिथे उगाच खटके उडतात. मऊ कापड आणि थोडं रॉकेल घेऊन आदल्या दिवशी तो हलक्या हाताने साफ करा. पॉलिश पेपर लावू नका. आकडा घासलेला दिसला की संशय येतो.

याच वेळी आरसीवर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का तेही पाहा. कर्ज फिटून पंधरा वर्षं होऊनही बँकेचं नाव आरसीवर तसंच असलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. कर्ज फेडणं आणि बोजा उतरवणं ही दोन वेगळी कामं. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणून आरटीओत द्यावा लागतो. ज्या बँकेचं कर्ज होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुनं खातं शोधायलाच महिने जातात. हे काम गाडी जाण्याच्या गडबडीत ठेवू नका. ती दारात धडधाकट उभी आहे तोवर उरकून टाका.

वडिलांच्या नावावरची गाडी असेल आणि वडील गेले असतील, तर दुःखात कोणालाच हे सुचत नाही. पण कायद्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. आता आरसीवर नॉमिनीही नोंदवता येतो. घरातल्या ज्येष्ठांच्या गाडीला तो आधीच लावून ठेवा. मागे राहिलेल्यांची धावपळ बरीच वाचते. वडिलांची आठवण म्हणून गाडी कव्हर घालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून देणारे पुष्कळ आहेत. त्यांची भावना मला कळते. पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. बॅटरी बसते, टाकीत पेट्रोल खराब होतं, ब्रेक धरून बसतात, उंदीर वायरी खातात. ठेवायचीच असेल तर ती नावावर करा, विमा चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद केल्याने काही साधत नाही. उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली वीट लावा.

गाडी जाते तेव्हा

गाडी जाण्याच्या वाटा तीन. आपण विकतो, आपण मोडीत काढतो, किंवा अपघात, पूर, चोरी यांत ती आपल्या हातून हिसकावली जाते. पहिल्या दोन्हींत ठरवणारे आपण असतो. माझा आग्रह एवढाच, की सांगाडा खराब होतोय असं दिसू लागलं की त्या वर्षीच शांतपणे निर्णय घ्या. बंद पडलेली, धूळ खात उभी गाडी शेवटी कंटाळून कोणाला तरी देऊन टाकली जाते आणि सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

विकताना पैसे हातात आले म्हणजे व्यवहार संपला असं मानू नका. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या, चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवा, गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर फॉर्म २८ची एनओसी घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाच्या हाती सोपवू नका. गाडी ताब्यात देतानाची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि गाडीसोबत त्याचा एक फोटो एवढं जवळ ठेवा. फास्टॅग बंद करा. मग महिन्याभराने परिवहनच्या साइटवर नंबर टाकून नाव बदललं का ते बघा. बदललं नसेल तर घेणाऱ्याच्या मागे लागा. यात भिडस्तपणा परवडत नाही.

कोणाला द्यावी? जास्त पैसे देणाऱ्या एजंटापेक्षा, मेकॅनिकच्या ओळखीतला, गाडी स्वतः वापरणारा माणूस बघा. वही त्यालाच द्या. गाडी मूळ रूपात, फेरफार न केलेली आणि फार जुनी असेल, तर जपणारे शौकीनही भेटतात. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. ती दहा वर्षं चालते, पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

मोडीत काढायची असेल तर भंगारवाल्याला कधीही देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. तो गाडी कापेल, पण तुमचा नंबर आरटीओच्या नोंदीत जिवंत राहील. त्या नंबरप्लेटचा किंवा चासीचा पुढे कशासाठी वापर होतो हे तुम्हाला कळणार नाही. पोलीस मात्र तुमच्याच दारात येतील. सरकारने २०२१मध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम केले. तिथे आरसी, पॅन, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक दिला, की गाडी चोरीची नाही ना याची पडताळणी होते आणि वजनावर ठरलेले पैसे खात्यात जमा होतात. ८००चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, तेव्हा फार मोठ्या रकमेची अपेक्षा ठेवू नका. तिथून दोन प्रमाणपत्रं मिळतात. गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र नव्या गाडीच्या वेळी कामाला येतं. त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि वाहनकरात राज्याच्या नियमाप्रमाणे सूट मिळते. गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र नोंदणी रद्द होण्यासाठी. दोन्ही हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

अपघाताची वाट सगळ्यात कठीण, कारण तिथे तयारीला वेळच मिळत नाही. विम्याचं एक गणित आधीच समजून घ्या. पॉलिसीवर गाडीची एक किंमत लिहिलेली असते, आयडीव्ही. पाच वर्षांपर्यंत ती ठरलेल्या घसाऱ्याने काढतात. त्यानंतर ती कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ते हप्ता दोन-तीनशे रुपयांनी कमी व्हावा म्हणून येईल त्या आकड्यावर हो म्हणतात. मग दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी कागदोपत्री 'टोटल लॉस' ठरते. आयडीव्ही ६० हजार असेल तर ही रेघ ४५ हजारांवर आली. बॉनेट, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट, एक मडगार्ड आणि रंगकाम, एवढ्यात ती ओलांडली जाते, आणि दहा दिवसांत पुन्हा रस्त्यावर येऊ शकणारी गाडी सर्व्हेअरच्या एका पानावर संपते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी वही आणि सध्याचे फोटो दाखवून आयडीव्ही वाजवी लावून घ्या.

तरीही टोटल लॉस ठरलीच आणि गाडी तुम्हाला सोडायची नसेल, तर मोडक्या गाडीची किंमत वजा करून उरलेली रक्कम घ्या आणि गाडी स्वतःकडे ठेवा. तशी तडजोड मागता येते. पण आधी तिला रॅम्पवर चढवून खालचा सांगाडा तपासून घ्या. तो वाकला असेल तर हट्ट सोडा. गाडी देणार असाल तर आरसीचं काय होणार ते लेखी विचारा. मोडकी गाडी आणि चालू आरसी एकत्र अनोळखी माणसाच्या हातात जाऊ देऊ नका. गाडी कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल आणि चूक समोरच्याची असेल, तरी हात टेकू नका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गाडीच्या नुकसानीचाही दावा लावता येतो, सहा महिन्यांच्या आत. त्यासाठी घटनास्थळाचे फोटो, पोलिसांकडची नोंद आणि दुरुस्तीची बिलं लागतात.

पुराचं एकच सांगतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यातून बाहेर काढलेल्या कित्येक गाड्या मालकांनी चावी फिरवून पाहिल्यामुळे संपल्या. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि असं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. बॅटरीची तार काढा, गाडी टो करून न्या. चोरी झाली तर त्याच दिवशी एफआयआर करा आणि विमा कंपनीला कळवा; दोन्ही चाव्या जपून ठेवलेल्या हव्यात, कारण कंपनी त्या मागते. पुढे पोलिसांचा तपास थांबला की 'ए समरी'चा अहवाल मिळवावा लागतो, त्याशिवाय दावा पुढे सरकत नाही.

गाडी जाण्याचा दिवस ठरला की घरातल्यांना आठवडाभर आधी सांगा, विशेषतः मुलांना आणि आजी-आजोबांना. शाळेतून आल्यावर मुलाला पार्किंग रिकामं दिसावं, हे बरं नाही. एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून तिच्यातून नेहमीच्या ठिकाणी जाऊन यावं, फोटो काढावेत. रडू आलं तर येऊ द्यावं. लग्न, बाळंतपणं, गावाकडच्या वाऱ्या, बदल्या, परीक्षा, सगळं त्या एका वस्तूतून झालेलं असतं. तिच्यासाठी डोळे ओले होणं यात लाजण्यासारखं काही नाही. मागचं बोधचिन्ह, गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक, आरसीची झेरॉक्स असं काहीतरी ठेवून घ्या. डॅशबोर्डचा खण, सीटखाली, स्पेअर व्हीलची जागा नीट तपासा. जुन्या पावत्या, लॉकरची चावी, हरवलेलं कानातलं तिथे सापडतं.

विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. इतकी वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीच्या विम्याला लावता येतो. तेव्हा रिकामी जागा भरायची म्हणून आठवड्यात नवी गाडी आणायची घाई करू नका. काही महिने रिक्षा, बस, भाड्याची गाडी वापरून बघा. आपल्याला खरंच किती आणि कसली गाडी लागते ते कळेल.

आणि गॅरेजला एक चक्कर मारा. ज्या मेकॅनिकने इतकी वर्षं ती चालती ठेवली त्याला गाडी गेल्याचं दुसऱ्याकडून कळू नये. जाताना माळ्यावर जपून ठेवलेले पार्ट, म्हणजे कार्बोरेटरचं किट, डिस्ट्रिब्युटरची कॅप, क्लचची केबल, दाराचं एखादं हँडल, सगळं त्याच्याकडे घेऊन जा. तुमच्यासारखीच ८०० अजून चालवणारं कोण आहे आणि त्यातलं काय कोणाला हवंय, हे त्याला माहीत असतं.